आतला थर हिरवा

सर मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, बरणीतलं पाणी बदललं आणि खुर्चीत बसले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, पोह्यांची बशी आणली आणि हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. काकूंनी जिन्याखालून मला हाक मारली. मी वरच्या भाड्याच्या खोलीतून खाली आले. डॉक्टर आले आणि गेले. दुपारपर्यंत घरात माणसं जमली.

मे महिना होता. त्या दिवसांत पुलगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. समोरच्या खोलीत सतरंजीवर माणसं दाटीनं बसली होती आणि वरचा पंखा गरम वारा ढवळत होता. कोणाच्या तरी लक्षात आलं की आतल्या खोलीत कूलर चालू आहे आणि तिथे कोणीच नाही. सरांच्या पुतण्यानं तो ओढत समोर आणला. काकू भिंतीला टेकून खाली पाहत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"कूलर कोनं हलवला?"

"मीच आनला काकू. लोक बसले हाय, लय गरम होऊन राह्यलं."

"लोकाईले घाम आला तं थे पुसतीन. होता तिथं नेऊन ठेव."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. दु:खानं बाईंचं डोकं फिरलं, असं एक-दोघींना वाटलं असणार. पुतण्यानं कूलर परत आत नेला. मी त्याच्या मागोमाग गेले, टाकीत पाणी घातलं, आणि ओली हवा खिडकीतल्या बरणीच्या अंगावरून जाते आहे ना, ते हात धरून पाहिलं.

त्या बरणीत हायड्रा होती. हा प्राणी साचलेल्या गोड्या पाण्यात पानाच्या खालच्या बाजूला चिकटून राहतो. दोऱ्याच्या तुकड्याएवढा. शरीर म्हणजे एक नळी, वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती केसासारखे हात. नळीची भिंत पेशींच्या दोन थरांची. एक बाहेरचा, एक आतला, मध्ये पातळसा चिकट पदार्थ. आतल्या थराला अंतःस्तर म्हणतात. हायड्राचं पोट म्हणजे हा अंतःस्तर. साध्या हायड्रात हे दोन थर जिवंतपणी वेगळे ओळखता येत नाहीत. रंग देऊन, मारून, काचपट्टीवर चिकटवून मगच दिसतात. सरांची हायड्रा हिरवी होती, आणि तिचा हिरवा रंग फक्त आतल्या थरात असतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की काचेसारखी बाहेरची कड आणि तिच्या आत हिरवा पट्टा, असं ती हलताना, हात पसरताना दिसते. सर तिला 'ती' म्हणत, म्हणून मीही म्हणते.

सरांनी ती तरुणपणी रोहण्याजवळच्या एका तळ्यातून आणली होती. ते तळं पुढे गाळानं भरलं आणि आटलं. नंतर त्यांनी जिल्ह्यातली कितीतरी तळी, नाले, कालव्याच्या कडा धुंडाळल्या. तपकिरी हायड्रा मिळाली, हिरवी मिळाली नाही. म्हणजे होती ती एवढीच. तिला थंड पाणी लागतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. दर उन्हाळ्यात ती मरायला टेकायची आणि दर उन्हाळ्यात सर तिला पार करायचे. तिला जगवणं आणि पावसाळ्यानंतर पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदा तरी जिवंत अंतःस्तर दाखवणं, एवढंच एक काम त्यांनी जन्मभर सोडलं नाही. निवृत्तीनंतरही नाही. त्या मंगळवारी ते काम काकूंवर आणि माझ्यावर आलं, आणि उन्हाळा अजून अर्धा बाकी होता.

मला त्या घरात खोली मिळाली तीही तिच्यामुळेच. कॉलेजात ग्रंथपाल म्हणून मी रुजू झाले तेव्हा गावात ओळखीचं कोणी नव्हतं. प्राणिशास्त्राच्या सरांकडे वरची खोली रिकामी आहे, पण ते कोणाला देत नाहीत, असं कळलं होतं. मी गेले. समोरच्या खोलीत एक सायकल आणि रद्दीचा ढीग. सर मला थेट आतल्या खोलीत घेऊन गेले. ते कोणालाही आतल्याच खोलीत बसवत. दूधवाला असो की प्राचार्य. "बाहेरच्या खोलीत बसून मानूस कळत नाई," म्हणायचे.

माझं शिक्षण, माझी जात, मी एकटी का, हे त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:

"उन्हाळ्यात तुमी गावाकडे जाता का?"

मी म्हटलं, आता तिकडे जावं असं कोणी राहिलेलं नाही.

"बरं झालं," सर म्हणाले. मग चुकल्यासारखं वाटून म्हणाले, "म्हंजे तसं नाई. आमाले लग्नाकार्याले जा लागते. मांगं कूलरमंदी पानी टाकाले कोनी नसते."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मॅडम, नीट इचार करजा. या घरी मानसाईले पंखा अन् तिले कूलर हाय."

घरात एकच कूलर होता, ही गोष्ट खरी. तो खिडकीतल्या बरणीकडे तोंड करून ठेवलेला असे. काकू कणीक मळताना पदरानं मान पुसत, आणि बरणीतली बाई वाळ्याच्या वासाच्या हवेत हात पसरून बसलेली असे. काकू तिला सवत म्हणायच्या. "माह्या सवतीचं जेवन झालं का?" असं येता-जाता विचारायच्या. सर मनापासून उत्तर द्यायचे, "झालं, आज चांगली जेवली." सवत म्हटल्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. सूक्ष्मदर्शकातून एकदा पाहायला कॉलेजात चल, असं ते दर वर्षी म्हणत. काकू म्हणायच्या, "सवतीचं तोंड म्या कायले पाहू?"

त्या घराला मागचं दार होतं, पण ते बंद असे. हायड्राला एकच तोंड असतं. अन्न तिथूनच आत जातं आणि न पचलेलं तिथूनच बाहेर येतं. सरांना ती व्यवस्था फार पटलेली होती. मागच्या दारानं मांजर येऊन बरणीजवळ जाते असं एकदा झालं, त्यांनी दाराला आडणा घातला, आणि मग तो निघालाच नाही. केरकचरा, पाहुणे, भाजी, गॅसची टाकी, सगळं पुढच्या दारानं. हायड्राला खायला लागणाऱ्या पाण्यातल्या बारीक पिसवा मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत वाढवलेल्या होत्या. त्या आणायला सर स्वतः घराला वळसा घालून जात.

"हायड्राचं चालते तं आपलं काऊन चालत नाई?" ते काकूंना विचारायचे.

"हायड्राले कपडे वाळू घाला लागत नाई," काकू म्हणायच्या.

वर्गात ते फळ्यावर इंग्रजी नावं लिहीत आणि तोंडानं वऱ्हाडीत शिकवत. मी ग्रंथालयातून मधूनमधून प्रयोगशाळेत पुस्तकं पोचवायला जायची आणि थोडा वेळ मागे उभी राहायची. त्यांची शिकवायची रीत उलटी होती. जे कोणालाच कळलेलं नाही ते ते आधी सांगत.

"आता पाहा पोट्टेहो. हा जो आतला थर हाय, ह्याच्यातल्या पेशी जे येईन ते गिळते. पिसू आली, गिळली. अळी आली, गिळली. तुकडे करते अन् पचवते. अन् ह्याच पेशीत हे हिरवे गोळे बसले हाय. शेवाळ हाय थे. उन्हात आपलं अन्न बनवते अन् हायड्रालेबी देते. आता मले सांगा, एवढी खादाड पेशी ह्या हिरव्याले काऊन पचवत नाई?"

मुलं सूक्ष्मदर्शकाकडे पाहायची.

"मलेबी पुरतं मालूम नाई," सर आनंदानं म्हणायचे. "लिहा. पुरतं मालूम नाई."

मुलं वहीत खरंच तसं लिहायची. प्राचार्यांकडे एका पालकाची तक्रारही गेली होती, की मास्तरलाच माहीत नाही.

प्राणिशास्त्राच्या आकृत्यांत रंगांची एक रीत आहे. बाहेरचा थर निळा, मधला तांबडा, आतला पिवळा. पिढ्यान्‌पिढ्या मुलं तशाच रंगवत आली आहेत. एका वर्षी परीक्षेला एका मुलीनं हायड्राचा आतला थर हिरवा रंगवला. शेजारच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, रोज एसटीनं यायची. बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी त्या आकृतीवर तांबडी रेघ मारली.

"अंतःस्तर पिवळा," ते म्हणाले. "एवढं साधं माहीत नाही?"

मुलगी घाबरून सरांकडे पाहत होती. सरांनी तिला विचारलं, "तुले काय दिसलं होतं?"

"हिरवं, सर."

"मंग?"

"मंग हिरवं काढलं."

सर परीक्षकांना म्हणाले, "सर, चहा येऊन राह्यला. तवरिक एक डोळा लावा." आणि त्यांनी सूक्ष्मदर्शक परीक्षकांसमोर सरकवला. परीक्षकांनी चष्मा काढून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चहा आला तरी ते वर पाहीनात. शेवटी म्हणाले, "मी इतकी वर्षं शिकवतोय, जिवंत हिरवी पहिल्यांदा पाहिली." मग चष्मा लावत म्हणाले, "पण रीत पिवळ्याचीच आहे."

"हाव," सर म्हणाले. "रीत पिवळ्याचीच हाय."

मुलीचे गुण कापले गेले नाहीत. त्या वर्षापासून सरांनी सगळ्या मुलांना दोन-दोन आकृत्या काढायला लावल्या. एक पिवळी, परीक्षेसाठी. एक हिरवी, स्वतःसाठी. हिरवी तपासत नसत. फक्त पाहत आणि परत देत.

त्यांचं डोकं एकदा अंतःस्तरात अडकलं की कुठे थांबेल, याचा नेम नसे. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं की हायड्राला मोज्यासारखं उलटं करता येतं. आतला थर बाहेर, बाहेरचा आत. त्यासाठी बारीक पण ताठ केस लागतो, घोड्याच्या शेपटीचा असला तर उत्तम. पुलगावात घोडा म्हणजे वरातीची घोडी. लग्नसराई होती. एका संध्याकाळी स्टेशन रोडवरून वरात चालली होती, बँड जोरात होता, आणि सर हात जोडून घोडीवाल्यापुढे उभे राहिले.

"दोन केस पायजेत. शेपटीचे."

"नवरदेव बसला हाय, सर. मंग या."

वरून नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून पाहिलं. तो सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. "सर, तुमी?"

"तू बस बापा. तुह्याशी काम नाई."

नवरदेवाच्या शब्दावर घोडीवाल्यानं केस काढून दिले. पुढचे कितीतरी रविवार सर भिंगाखाली वाकून बसले होते. शेवटी एक हायड्रा उलटी झाली. हिरवा थर बाहेर आला. मला वरून हाक मारून बोलावलं, दाखवलं, आणि ते तिच्यासमोर जेवणसुद्धा न करता बसून राहिले. दिवेलागणीपर्यंत तिनं स्वतःला हळूहळू परत सुलटं करून घेतलं. हिरवं होतं तिथे आत गेलं.

सर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "गेली वो आपल्या जागी."

"जाईनच," काकू म्हणाल्या. "तिले तिचं घर मालूम हाय. तुमी जेवाले या आता."

पण सरांची आठवण निघाली की आमच्या गावात लोक सांगतात ती गोष्ट आंजी गावातली.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. सरांच्या घरी असं होतं की एका माणसाला पितरांच्या नावानं जेवू घालायचं आणि जाताना ती भरलेली मातीची घागर त्याला द्यायची. दर वर्षी आंजी मोठी या गावचे एक किराणा दुकानदार यायचे. सरांच्या वडिलांचे स्नेही होते त्यांचे वडील. त्या वर्षी ऊन असं होतं की बरणीतलं पाणी कूलरसमोरही कोमट होत होतं. म्हणून सरांनी हायड्रा रुंद तोंडाच्या माठात हलवली होती. पाण्यात तळाशी शेवाळाच्या चार काड्या, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. सकाळी उजेडासाठी फडकं काढायचे, ऊन चढलं की बांधायचे.

पितरांची घागरही त्याच खोलीत होती. तिलाही पांढरं फडकं बांधलेलं.

सर परीक्षेच्या कामाला कॉलेजात गेले होते. त्यांच्या थोरल्या बहीण आर्वीहून आल्या होत्या. काकू पुरणाच्या मागे होत्या. पाहुण्यांचं जेवण झालं. आमरस झाला, कुरडया झाल्या, विडा झाला. ताईंनी आतून माठ आणला, त्याला कुंकू लावलं, वर एक आंबा ठेवला, नमस्कार केला आणि दिला. पाहुणे मांडीवर माठ घेऊन एसटीनं आंजीला गेले.

सर आले, आतल्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळानं शांतपणे बाहेर आले.

"ताई, घागर तं इथंच हाय."

"मंग म्या काय देल्लं?" ताई म्हणाल्या.

मग ताई आत जाऊन पाहून आल्या आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. सर त्यांच्यावर रागावले नाहीत. ते फक्त जिन्याखाली आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी हाय का?"

माझी स्कूटी होती. डोक्याला ओला दुपट्टा बांधून मी चालवत होते, आणि मागे सर मांडीवर कोरा स्टीलचा डबा धरून बसले होते. सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले. "तळं तं आटलं," म्हणाले.

दुकान आंजीच्या चौकात होतं. दाराशी तिवईवर आमचा माठ, वर पेला. आखातीजेच्या दिवशी पाणी पाजणं पुण्याचं, म्हणून दुकानदार भाऊंनी आल्या आल्या तो गिऱ्हाइकांसाठी मांडला होता.

"या सर, पानी घ्या," ते म्हणाले. "घागरीचं पानी मोठं थंड हाय वो. गावातली बरीच मंडळी पेऊन गेली."

सरांनी डोळे मिटले. मग विचारलं, "किती राह्यलं?"

"बुडाशी असन थोडं. काऊन? काई पडलं का त्यात?"

"हाव. माही हायड्रा हाय त्यात."

दुकानदारांचा चेहरा पडला. "विषारी असते का?"

"नाई नाई. मानसाच्या पोटात गेली तं पचून जाते. कोनाले काई होत नाई." हे मात्र सरांनी आधी सांगितलं, आणि दोनदा सांगितलं.

मग परात आणली. चौकातल्या लिंबाखाली ती ठेवून सरांनी माठातलं उरलेलं पाणी आणि काड्या तिच्यात ओतल्या आणि भिंग घेऊन गुडघ्यावर बसले. भोवती लोक जमले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, सोनं पडलं काय?"

"हाव."

"किती तोळे?"

"लय नाई. पन एकच होतं माह्यापाशी."

म्हातारा आपणहून खाली बसला आणि परातीत पाहू लागला. तिथे दुपारच्या वेळी माणसं मुकाट्यानं परातीभोवती वाकून बसलेली मला अजून दिसतात. सर प्रत्येक काडी उलटून पाहत होते. परातीत काहीच नव्हतं. मग त्यांनी रिकामा माठ उन्हाकडे तिरपा केला आणि आत डोकं घातलं. आतून आवाज आला, "हाय."

माठाच्या आतल्या ओल्या भिंतीला एक आखडून, ठिपक्यासारखी होऊन चिकटलेली होती. सरांनी तिला पाण्याच्या थेंबासकट डब्यात उतरवलं. ते डोकं बाहेर काढून उभे राहिले तेव्हा त्यांच्या केसांना ओली माती लागली होती आणि ते हसत होते. "एक पुरे," म्हणाले. "हिलेच कोंब फुटते. हिच्यापासून सगळ्या होते."

"पन सर," दुकानदार भाऊ हळूच म्हणाले, "मंग पितराईले पानी पोचलं का नाई?"

या गोष्टीत त्यांचंही काही होतं हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. सरांच्या आलं. ते दुसऱ्या दिवशी खरी घागर घेऊन एसटीनं परत आंजीला गेले, मांडीवर ती धरून, आणि ती देऊन, जेवून आले. आणि घरी डोळे पुसत बसलेल्या ताईंना म्हणाले, "रडू नोको. तू देल्लं थे जिवंतच पानी देल्लं." पावसाळा सरेपर्यंत त्या एकीपासून बरणी भरली होती.

हे सगळं सर होते तोवरचं. ते गेल्यावर आम्हा दोघींना वाटलं की आपण सगळं पाहिलेलं आहे, आपल्याला जमेल.

तिसऱ्या दिवशी काकू उठून वळसा घालून मागच्या टाकीवर गेल्या आणि पिसवा आणल्या. नात्यातल्या कोणीतरी म्हटलं, सुतक आहे, तेरावं होऊ द्या. काकू म्हणाल्या, "तिच्या घरी कोनी मेलं नाई. तिचं तोंड म्या काऊन बंद करू?"

आम्ही तिला रोज खाऊ घातलं. काकू सकाळी आणि मी कॉलेजातून आल्यावर, एकमेकींना न सांगताही कधी कधी. कूलर बंद पडू दिला नाही. वीज गेली की ओल्या गोणपाटात बरणी गुंडाळून बसायचो. तरी जूनमध्ये ती आखडायला लागली. कोंब फुटेनात. काचेवरून सुटून तळाशी पडू लागल्या. हिरवा रंग मळकट झाला. मी ग्रंथालयातली सगळी पुस्तकं काढून पाहिली. अंतःस्तराच्या पेशींचे प्रकार होते, कार्यं होती. पुलगावात, जूनमध्ये, दोन बायकांनी ती कशी जगवायची, हे कुठेच नव्हतं. सरांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यांना कधी लिहायची गरज पडली नव्हती.

एका सकाळी काकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या, आणि मी आत पिसवा सोडायला निघाले होते.

"मॅडम, थांबा," त्या म्हणाल्या. "म्या इथं बसून काय ऐकत होती सांगू? थे पानी वतायचे, त्याचा आवाज. जेवन घातलं का घंट्या-दोन घंट्यानं मोरीत पानी वतल्याचा आवाज येत होता. अन् रोज येत नव्हता. एक दिवसाआड."

मी हातातली पिसवांची वाटी खाली ठेवली.

"आपन तिले रोज खाऊ घालून मारून राह्यलो," काकू म्हणाल्या.

आम्ही पाणी बदलायचो ते आठवड्यातून कधीतरी, आणि उरलेलं अन्न त्यात कुजत होतं. त्या दिवशी आम्ही पाणी बदललं. साठवून शिळं केलेलं विहिरीचं पाणी, सर वापरायचे तेच. दुसऱ्या दिवशी तिला उपाशी ठेवलं, आणि ते काकूंना फार जड गेलं. त्या दर थोड्या वेळानं आत जाऊन पाहून येत. पुढच्या आठवड्यात काचेला चिकटलेल्या काहींनी हात पसरले. आणखी काही दिवसांनी एकीच्या कुशीला बारीक कोंब दिसला. तो आधी काकूंना दिसला, चष्म्याशिवाय.

सप्टेंबरात पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. सरांच्या जागी आता एक तरुण मॅडम आहेत. त्यांनी बरणी न्यायला मुलगा पाठवते म्हटलं. काकू म्हणाल्या, "पोट्टं हिंदकळवन." त्यांनी बरणी पदराखाली धरली आणि माझ्या स्कूटीवर मागे बसून आल्या. त्या कॉलेजात इतक्या वर्षांत कधीच आल्या नव्हत्या. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. पहिली काचपट्टी लागली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काकू, आधी तुम्ही पाहा."

काकूंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळा लावला. मी बाजूला उभी होते. त्यांचं एक बोट टेबलाच्या कडेवर टेकलेलं होतं आणि ते हलत नव्हतं.

"हे हिरवं आतमंदी हाय?" त्यांनी विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "तो अंतःस्तर."

"अन् बाहेर काचेवानी."

"हो."

काकू डोळा काढेनात. मागे मुलींची रांग लागली होती, ती वाढत दारापर्यंत गेली. एक मुलगी धीर करून म्हणाली, "काकू, आमाले पाह्यचं हाय."

"थांब वं पोरी," काकू डोळा न काढता म्हणाल्या. "म्या तुह्या आंगोदर कितीक वर्साची लाइनीत हाय."

मुली हसल्या. मग थांबल्या. काकूंचं पाहून होईपर्यंत सगळ्या उभ्या राहिल्या.

बरणी आतल्या खोलीत खिडकीत आहे. तिच्यात हायड्रा आहेत. काकू एक दिवसाआड पिसवा घालतात आणि पाणी बदलतात. मी वरच्या खोलीत राहते.